दौलतरावाची ओटी

त्या मंगळवारी मोशीच्या इंद्रायणीकाठी एवढी माणसं लोटली होती, की पाण्यावर आलेल्या चाळीस म्हशी गर्दी बघून माघारी फिरल्या. मी सांगतोय म्हणून त्यातल्या तीस म्हशी वजा करा. माणसं मात्र होती तेवढीच धरा. चिखली, चऱ्होली, दिघी, पार चाकणपासून लोक गाड्या जुंपून आले होते. साल छप्पन्न. तिकडं पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना नुकता चालू झालेला, आणि इकडं, तिथून तीन कोसांवर, मोशीच्या बायका रांग लावून एका बाप्याची ओटी भरत होत्या.

होय, बाप्याची. गाडा शर्यतीतला नामांकित दौलतराव जाजमावर मांडी घालून बसला होता. सदऱ्याची बटणं उघडी, आणि आत बाळंतिणीसारखी भरलेली छाती. एकेक बाई पुढं यायची, त्याच्या पदरात, म्हणजे उपरण्यात, खण-नारळ आणि मूठभर तांदूळ घालायची, पाया पडायची. दौलतराव खाली मान घालून बसायचा.

शेजारी चौरंगावर आईबुवा. हिरवी साडी धोतरासारखी नेसलेला, कपाळभर मळवट, आवाज असा की नदीपल्याडचे बगळे उडावेत.

"बघा गं बायांनो, बघा रं बाप्यांनो! हाडं पोखरलेली, मणका गेलेला, खाटेवरनं उठत न्हवता! एकवीस दिस डोंगरातल्या ठाण्यावर आईच्या पायाशी पडला. आईनं दुखणं घेतलं आन् बदल्यात काय दिलं? दूध दिलं, दूध! ज्या छातीवर तीस वर्सं कासऱ्याचे वळ, त्या छातीत आई आली! डाक्टर सुई टोचतो, आई नुसती फुंकते. डाक्टर म्हणतो उद्या ये, आई म्हणती आत्ता ऊठ! आन् किती दिवसांसाठी?"

"कायमचं!" गर्दी ओरडायची.

मीही गर्दीत होतो. पण मी ओरडलो नाही. माझा जळफळाट होत होता.

का, ते लपवत नाही. मोशीच्या पारावर गोष्टी सांगणारा माणूस मी. दिघीच्या माळावर गोऱ्या शिपायांची तोफ मी एकट्यानं कशी उलटी फिरवली, इंद्रायणीच्या डोहातला मासा माझं मुंडासं घालून कसा हिंडायचा, या गोष्टी ऐकायला पन्नास वर्षं पार भरून जायचा. आता पारावर मी, एक लंगडं कुत्रं, आणि कुत्र्यालाही गोष्ट पाठ झालेली. मी एवढी थाप आयुष्यात मारली नव्हती, की बाप्याला दूध आलं! आणि कुणीतरी दुसऱ्यानंच ती मारली, आणि लोक नारळ घेऊन आले. हे दुःख ज्याचं त्याला कळतं.

पण माझ्याहून जास्त जळत होता तो सोपानराव.

सोपानराव माझा शेजारी. तो आणि दौलतराव एका वयाचे, एका आळीतले, आणि तीस वर्षं एकमेकांचे वैरी. याचा गाडा शर्यतीच्या घाटात पहिला आला की तो तीन दिवस जेवायचा नाही. त्याच्या बैलांना झूल आली की हा चाकणहून दुप्पट आरशांची आणायचा. अशातच दोघांना म्हातारपण आलं. दौलतरावाची पाठ गेली, तो खाटेला खिळला, मग तीन आठवडे गावातून नाहीसा झाला आणि परतला तो चालत. डोंगरातल्या ठाण्यावर होतो म्हणाला. दोन महिन्यांनी त्याच्यामागून आईबुवा आला, आणि छाती दिसायला लागली.

त्याच सुमारास सोपानरावाची लघवी अडली. अडली म्हणजे, जायचा आणि उभाच राहायचा. आत जायचा तेव्हा बायको भाकरी थापायला बसायची, बाहेर यायचा तेव्हा टोपली भरलेली असायची. एक दिवस मला म्हणाला, "अर्जुना, सुरवातीला दौलत्यालाबी असंच व्हायचं. मला त्येच्या बायकूनं, दुर्गाबाईनं सांगितलंय."

"मग पुण्याला जा. दाखव."

"पुन्याला कशापायी? दौलत्या गेलता का पुन्याला? त्याला जे आईनं दिलं ते मला का देऊ न्हाई? त्याच्यापेक्षा माझा नवस मोठा!"

"अरे पण तुला छाती पायजे का लघवी?"

सोपानराव माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "त्याची ओटी भरत्यात रं. पाटलीणबाईसुदिक पाया पडली."

असा हा मत्सर. माणसाला दुसऱ्याचा बैल हवा असतो हे मी बघितलं होतं. दुसऱ्याचं दुखणं हवं असलेला माणूस पहिल्यांदा बघत होतो.

बुवानं सोपानरावाला अंगारा दिला आणि सांगितलं, पाणी तोड. दिवसाकाठी दोन घोट. आठ-दहा दिवसांनी सोपानराव दारात आला तो नाचायचाच बाकी होता.

"सुटली! आई सुटली! आता उभंबी राहावं लागत न्हाई. आपोआप चाललीय, रातंदिस!"

त्याचं धोतर ओलं होतं. आणि बेंबीखाली पोट असं वर आलेलं, जणू कलिंगड गिळलंय. बुवानं त्याला पोट दाखवायला जाजमावर बसवलं. "आधी पोट येतं, मग छाती! आई पायरीपायरीनं चढती!" सोपानराव पोटावर हात फिरवीत दौलतरावाकडं असा बघत होता, जसा घाटात मागून येणारा गाडा पुढच्याकडं बघतो. दौलतरावाचा चेहरा मात्र उतरला होता. तेव्हा मी मनात म्हटलं, हाही जळतोय.

त्याच दिवशी गर्दीत चाकणचा करीमभाई होता. बैलांचा व्यापारी. जनावराच्या तोंडात हात न घालता वय सांगायचा. तो दौलतरावाकडं टक लावून बघत होता, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"अर्जुनराव, ह्या माणसाची मिशी पहिली अशीच होती का?"

"न्हाई गा. मिशीला लिंबू टांगायचा तो. आता विरळ झाली."

"गालावर वस्तरा कधी फिरवला असंल?"

"काय की. गुळगुळीतच असतो."

"कमरंला मांस आलंय. डोळा थंड झालाय. पहिलं भांडायचा ना?"

"भांडायचा? सकाळी दात घासायच्या आधी एक भांडण व्हायचं त्याचं!"

करीमभाईनं इकडंतिकडं बघितलं. "छातीचं मला ठाऊक न्हाई, राव. पण बाकीची खूण मी चाळीस वर्सं ओळखतो. खोंडाचा बैल केला की असंच होतं. ह्या माणसाला कुणीतरी खच्ची केलंय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, आनंदाचा आला. एवढी मोठी गोष्ट माझ्या हाती! मी तसाच पारावर गेलो, दहाबारा माणसं गाठली आणि सांगून टाकलं: दौलतरावाला कुणीतरी बैल केलाय, आईचं काही नाही.

माणसं पोट धरून हसली. "आबा, मासा मुंडासं घालत होता त्येच्यापेक्षा झाक हाय ही! आता म्हणा, त्येला नांगराला जुंपला!" उद्धवराव तलाठी म्हणाला, "आबांचा धंदा बसला म्हणून जळत्यात." तलाठ्याचं वाक्य खरं होतं, म्हणून मी पारावरून उठलो. पन्नास वर्षं थापा मारल्यावर माणसानं एकदा खरं बोलावं, आणि नेमकं तेच सगळ्यांना थाप वाटावं!

पुढच्या सोमवारी घरी आलो तर ओट्यावर सोपानरावाची बायको अंबूबाई. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "भावजी, तुमी खोटं लई बोलता. पण एवढं खरं सांगा, चिंचवडात डाक्टर हाय का? ह्यांनी काल्पासनं अन्न धरलं न्हाई. ओकत्यात, आन् बोलता बोलता झोपत्यात."

मी सायकल काढली.

चिंचवडच्या डॉक्टरांनी मला नीट बसवलं, सगळं ऐकलं. लघवी आपोआप गळते म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ती सुटलेली नाही. रांजण काठोकाठ भरला की वरून सांडतो, तसं सांडतंय. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला सुपारीएवढी एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते आणि वाट दाबते. लघवी आत तुंबते, मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात विष चढतं. ते पोट म्हणजे भरलेलं मूत्राशय आहे. त्यांना दोन-तीन दिवसांत पुण्याच्या इस्पितळात नेलं नाही, तर मग नेण्यासारखं काही उरणार नाही."

"आणि नेलं तर?"

"नळी घालून रिकामं करायचं, रक्त निवळलं की शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढायची. साधी वाढ असेल तर माणूस घरी येऊन शेती करतो. कर्करोग असेल तर वेगळी गोष्ट."

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, दौलतराव तुमच्याकडं आला होता का?"

"एका रोग्याचं दुसऱ्याला सांगत नाही मी."

"बरं, कुणाचं न सांगता सांगा. म्हाताऱ्या माणसाची पाठ गेली, मग चालायला लागला, मिशी विरळ झाली, छाती आली. हे काय?"

डॉक्टर थोडे थांबले. "कुणाचंही नाही, पुस्तकातलं सांगतो. त्या ग्रंथीचा कर्करोग पाठीच्या हाडांत उतरतो. पंधरा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका डॉक्टरनं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की ही ग्रंथी पुरुषरसावर जगते. तो रस जिथं तयार होतो ते शस्त्रक्रियेनं काढलं, वर स्त्रीरसासारख्या औषधाच्या गोळ्या दिल्या, तर रोग उपाशी पडतो. खाटेवरचा माणूस आठवड्यात उठून बसतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्या गोळ्यांनी छाती येते."

"म्हंजे बरा होतो?"

"दबतो. बरा झाला असं आम्ही लिहीत नाही. दोन वर्षं, तीन वर्षं, कुणाला जास्त. मग बहुधा उलटतो. म्हणून दर तीन महिन्यांनी बोलावतो, तपासतो, नोंद ठेवतो. किती जगले, किती नाही, कुणाचं कधी उलटलं. त्याशिवाय पुढच्या रोग्याला काय सांगायचं?"

परतताना मी थेट सोपानरावाकडं गेलो. तो अंथरुणावर, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो हसला. "अर्जुना, हीबी गोष्ट ब्येस केलीस. उद्या मंगळवार हाय. उद्या छाती येणार." हात धरून ओढला तर लाथ मारली. मुलगा नाही, भाऊ नाही. नवऱ्याचा शब्द मोडून त्याला गाडीत घालायचं बळ अंबूबाईत नव्हतं. माझा शब्द तर गावात कवडीच्या मोलाचा. ज्याचं ऐकून सोपानराव उठला असता, असा गावात एकच माणूस होता.

दौलतराव गोठ्यात वैरण टाकत होता. दुर्गाबाई शेण भरत होती. मी म्हटलं, "दौलतराव, मला सगळं कळलंय. पुण्यात काय कापलं तेबी."

त्याच्या हातातली पेंढी पडली. एक काळ असा होता की त्यानं मला तिथंच उकिरड्यात पुरलं असतं. आता तो गव्हाणीवर बसला आणि नुसता हुंदका दिला.

"कुनाला सांगितलंस?"

"साऱ्या गावाला. कुणी खरं धरलं न्हाई."

"देव पावला."

"तुला पावला. सोपान मरतोय."

दौलतरावानं पडलेली पेंढी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "अर्जुना, आमी गाड्याची माणसं. खोंडाला खाली पाडून बैल करतात तवा आमी भवती उभं राहून हसतो. त्या हसण्यात मी सगळ्यात पुढं. आता माझ्यावर हसतील. आन् आणखी एक सांगतो. तीस वर्सांत सोप्यानं माझ्याकडं कधी वर मान करून बघितलं न्हवतं. आता बघतो. डोळ्यांत नुसती आग असती त्येच्या. ती मला बरी वाटती रं."

तेवढ्यात दुर्गाबाई उठली. हात लुगड्याला पुसले. "तुमची लाज मी रोज सकाळी गोळी करून तुमच्या हातावर ठेवती. मला न्हाई लाज वाटली. मला नवरा पायजे हुता, तो हाय. त्या अंबूला नको का?"

दौलतरावानं मांडीवरची पेंढी बैलापुढं टाकली. मी घरी गेलो. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी पैजेवर सांगितलं असतं, की हा उठणार नाही.

मंगळवारी बुवाच्या चेल्यांनी सोपानरावाला गाडीत घालून नदीवर आणला. त्याला धड बसता येत नव्हतं; जाजमावर आडवा केला. श्वासाला घाण येत होती. आईबुवा अंगात आणून घुमायला लागला.

"झोपलाय बघा आईच्या कुशीत! आता छाती फुटनार! कुनी हलवू नका!"

"हलवा त्येला!" दौलतराव उभा राहिला. उपरण्यातले नारळ गडगडत नदीकडं गेले. "हलवा, तो झोपला न्हाई, तो मरतोय! मी कुठल्या ठाण्यावर गेलो न्हवतो. एकवीस दिस पुन्याच्या इस्पितळात हुतो. मला कर्करोग हाय. डाक्टरनं मला..." इथं त्यानं उपरणं कमरेला आवळलं. "मला बैल केलाय. खच्ची. तवा मी उठलो. आन् ही छाती आईची न्हाई, ह्या गोळ्यांची हाय!" त्यानं कनवटीची डबी उघडून गोळ्या जाजमावर ओतल्या.

सारं गाव आ वासून बसलं होतं. गावाला एवढं शांत मी पन्नास वर्षांत एकदाही बसवलं नव्हतं. त्या क्षणीही मी बारीकसा जळलोच.

बुवा किंचाळला, "खोटं! आई कोपली! ह्याच्या जिभेवर भूत बसलंय!"

"भूत?" दौलतराव त्याच्याकडं वळला. "माझ्या शेजारच्या खाटेवर कोन हुतं रं? जांघेत उतरलेला अंतर्गळ कापून घ्यायला कोन आलतं? डाक्टरच्या पाया पडून 'भूल दिल्याबिगर हात लावू नका' म्हनून कोन रडत हुतं? तूच म्हनलास ना, तू तुझी शिवण लपव, मी माझी लपवतो? लोकहो, ह्येच्या जांघेत टाक्यांचे वण हायत. सोडायला सांगा साडी!"

आईबुवाचे दोन्ही हात झटकन साडीच्या निऱ्यांवर गेले. बस्, तेवढं पुरलं. ज्याला लपवायचं काही नाही तो हात कपाळाला लावतो, नाहीतर आभाळाकडं करतो. पहिली हसली ती पाटलीणबाई. मग सगळा काठ हसला. बुवा निऱ्या घट्ट धरून चौरंगावरून उतरला आणि मळ्यामळ्यानं असा पळाला, की कापलेल्या अंतर्गळाच्या मानानं डॉक्टरांचं काम फार चोख म्हणायला हवं.

दौलतराव मात्र सोपानरावाजवळ गुडघ्यावर बसला होता. "सोप्या, ऐकलंस? मी बैल झालोय. हस की. तीस वर्सं वाट बघत हुतास, आता हस!"

सोपानरावानं डोळे उघडले. जीभ जड झालेली. "दौलत्या," तो म्हणाला, "मग... पुढच्या घाटात... तुला जुंपू का?"

"जुंप. पण आधी पुन्याला चल."

"तू येतोस?"

"येतो."

आणि सोपानरावानं दोन्ही हात वर केले, लहान पोर उचलून घ्यायला करतं तसे. करीमभाईचा बैल वाहायचा ट्रक वर सडकेवर उभा होता. त्यातल्या पेंढ्यावर दोघे म्हातारे निजून पुण्याला गेले.

इस्पितळात नळी घातली तेव्हा दोन घागरी निघाल्या असं मी म्हणतो, डॉक्टर दोन शेर म्हणतात. डॉक्टरांचं धरा. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. काढलेली ग्रंथी काचेखाली तपासली. साधी वाढ, कर्करोग नव्हता. ज्या दुखण्यातून माणूस महिन्याभरात उठतो, त्यानं सोपानराव एका मंगळवारात मेला असता, आणि आईबुवा म्हणाला असता की आईनं पोटाशी घेतला.

गाव दौलतरावाला हसलं का? हसलं. चार दिवस. पाचव्या दिवशी चऱ्होलीचा एक म्हातारा अंधारून आल्यासारखा चेहरा करून त्याच्या गोठ्यात आला आणि हळूच विचारू लागला, "लघवी अडती, कुठं जावं?" मग दिघीचा आला. मग आळंदीकडचे दोघे. दौलतराव पत्ता सांगायचा, आणि दुर्गाबाई चहा ठेवायची.

तिसऱ्या वर्षी त्याची पाठ पुन्हा दुखायला लागली. बुवाच्या उरल्यासुरल्या चेल्यांनी निरोप धाडला: बघा, आई कोपली. मी दौलतरावाबरोबर पुण्याला गेलो. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "उलटलाय. मी सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलंत," दौलतराव म्हणाला. "तुमी दोन म्हनलाता, मी तीन काढली. वहीत लिवा तसं. माझ्यामागून येनाऱ्याला खरं सांगाया लागंल."

डॉक्टरांनी त्याच्यासमोर लिहिलं.

मी जन्मभर थापा मारल्या, म्हणून थापेची पारख माझ्याइतकी कुणाला नसेल. तेव्हा माझं एवढं ऐका. बुवा म्हणाला कायमचं. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं, नक्की सांगता येत नाही. ऐकायला बुवाचं गोड. पण जो कुणी तुम्हाला कायमचं बरं करतो म्हणेल, त्याला एकच विचारा: बाबा, तुझ्याकडं आलेल्यांतले बरे झाले नाहीत ते किती, आणि ते कुठं लिहून ठेवलेत? वही दाखवली तर बसा. नाही दाखवली तर उठा. आणि लघवी अडली, हाडं ठणकायला लागली, तर लाजू नका, लपवू नका, शेजाऱ्याला काय झालं होतं ते बघत बसू नका. आपलं शरीर घेऊन डॉक्टरकडं जा.